शिक्का, मोर्तब आणि चौकोनी खूण

एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, असे मराठीत म्हणतात. ह्या एका शब्दात दोन निरनिराळ्या वस्तू दडलेल्या आहेत. पत्राच्या माथ्यावर उमटे तो शिक्का, आणि मजकूर जेथे संपला तेथे उमटे ते मोर्तब. कागद कोणाचा हे शिक्का सांगे. त्याचे म्हणणे कोठे संपले हे मोर्तब सांगे. एक ओळखीची खूण, दुसरी मर्यादेची. दोन्ही असल्या म्हणजे कागदावर विश्वास ठेवावयाचा, एरवी नाही, असा जुना दंडक होता.

आज व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या किंवा कारागिराच्या व्हिजिटिंग कार्डावर एका कोपऱ्यात काळ्यापांढऱ्या घरांचा एक चौकोन छापलेला असतो. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला की कार्डावरील नाव, हुद्दा, दूरध्वनी आणि पत्ता फोनच्या नोंदवहीत आपोआप जाऊन बसतो. ह्या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात. वस्तू नवी आहे खरी. परंतु तिने जे काम अंगावर घेतले आहे ते फार जुने आहे. माणूस समोर नसताना त्याच्या खुणेवरून त्याला ओळखावयाचे, आणि ती खूण त्याचीच आहे अशी खात्री करून घ्यावयाची, हे ते काम होय. ह्या कामाचा इतिहास पाहावयाचा झाल्यास बीदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागाइतका बोलका मुलूख दुसरा क्वचितच सापडेल.

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. विक्रमादित्य सहावा ह्याच्या राजवटीत, सुमारे इ. स. ११०० च्या आसपास, विज्ञानेश्वराने ह्याच नगरीत याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. हिंदू वारसाहक्काच्या संदर्भात ह्या टीकेचे नाव सर्वतोमुखी झाले. पण तिने विवरण केलेल्या व्यवहारप्रकरणात लेख्य, म्हणजे दस्तऐवज, कसा असावा ह्याचाही विचार आहे. दस्तऐवजावर वर्ष, महिना, पक्ष आणि दिवस असावा. व्यवहार करणाऱ्याचे नाव, जाती, गोत्र आणि पित्याचे नाव असावे. ऋणकोने आणि साक्षीदारांनी आपल्या हाताने आपली संमती लिहावी. राजाने दान दिले तर ताम्रपटावर त्याच्या वंशाचा उल्लेख असावा आणि वर त्याची मुद्रा असावी.

ह्या नियमांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. नुसत्या नावाने माणसाची ओळख पटत नाही, हे त्या काळी पूर्णपणे मान्य झालेले होते. एकाच नावाची दहा माणसे एका पेठेत असू शकतात. म्हणून नावाला गोत्राची, पित्याच्या नावाची आणि तिथीची जोड द्यावयाची. आजच्या व्हिजिटिंग कार्डावर नावापाठोपाठ हुद्दा, संस्था, गाव आणि दूरध्वनी येतो तो ह्याच न्यायाने. गोत्राच्या जागी दूरध्वनीचा क्रमांक आला, एवढेच काय ते अंतर.

कल्याणनंतर साडेतीन शतकांनी बीदरनेच ह्या विद्येचा दुसरा आणि फार कडू धडा दिला. बहामनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गवान हा मूळचा इराणातील गिलान प्रांताचा व्यापारी. १४५३ मध्ये तो कोकणात दाभोळ बंदरी उतरला आणि तेथून बीदरला आला. त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, अशी पदवी मिळाली आणि पुढे राज्याचा सर्व कारभार त्याच्या हाती आला. बीदरमध्ये त्याने बांधलेला मदरसा १४७२ च्या सुमारास पुरा झाला. त्याचे रंगीत कौलकाम आजही काही अंशी टिकून आहे. गवान हा पत्रलेखनाचा मोठा जाणकार होता. त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाज-उल्-इन्शा’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि पत्रे कशी लिहावीत ह्यावरही त्याने स्वतंत्र ग्रंथ रचला. कागदावरील शब्दाचे वजन त्याच्याइतके जाणणारा माणूस त्या काळच्या दक्षिणेत विरळाच होता.

अशा माणसाचा घात एका कागदाने केला. त्याने प्रांतांची फेररचना करून तरफदारांचे अधिकार कमी केले होते; त्यामुळे मलिक हसन निजाम-उल्-मुल्क आणि त्याच्या पक्षाचे सरदार दुखावले होते. इतिहासकार फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे ह्या मंडळींनी गवानच्या मुद्रा सांभाळणाऱ्या गुलामाशी सलगी केली, आणि त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर वजिराची मुद्रा उमटवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाच्या नावे एक पत्र लिहिण्यात आले. बहामनी राज्यावर चालून यावे, असे त्याला त्यात आमंत्रण होते. हा कागद सुलतान मुहम्मदशाह तिसरा ह्याच्यापुढे नेण्यात आला. मुद्रा आपली आहे, पण पत्र आपले नाही, असे गवानने सांगितले. सुलतानाने ते ऐकले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत, सत्तरी ओलांडलेल्या ह्या वजिराचा शिरच्छेद करण्यात आला.

पुढच्याच वर्षी सुलतान मरण पावला, आणि राज्याचे तुकडे होण्यास फार वेळ लागला नाही. ज्या मलिक हसनाचे नाव ह्या कारस्थानात येते त्याचाच मुलगा मलिक अहमद ह्याने १४९० मध्ये निजामशाही उभी केली. अहमदनगर हे तिचे ठाणे त्यानेच वसविले. बीदरमध्ये बरीदशाही आली, विजापुरात आदिलशाही. दक्षिणेच्या राजकारणाची पुढील दोनशे वर्षे ज्या घटनांनी घडली त्यांच्या मुळाशी कोऱ्या कागदावर उमटलेली एक मुद्रा आहे, असे म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्तीचे होणार नाही.

ह्या घटनेत मुद्रा खोटी नव्हती. ती खरीच होती, आणि हाच ह्या घटनेतील मर्माचा भाग आहे. मुद्रा खरी आणि मजकूर खोटा, अशी ती अवस्था होती. कारण मुद्रेचा आणि मजकुराचा एकमेकांशी काही बांधलेला संबंध नव्हता. मुद्रा आधी उमटली, मजकूर मागाहून आला. खूण एकाच्या नावाची, ती ठेवण्याचा हात दुसऱ्याचा, आणि तिच्याखाली लिहिणारा तिसराच. जेथे जेथे ही तिघे वेगळी पडतात तेथे तेथे गवानची गोष्ट पुन्हा घडू शकते.

मराठी राज्यातील कारकुनांनी ह्या दोषावर जो उपाय योजिला तो शिक्कामोर्तबात दिसतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याशी संस्कृत श्लोकाची अष्टकोनी मुद्रा आढळते. रांझे गावच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र ह्या मुद्रेच्या आरंभीच्या पत्रांपैकी आहे. मजकूर संपला की लगेच तेथे छोटे मोर्तब येई, आणि येथे लेखाची सीमा झाली, असा त्याचा अर्थ असे. मोर्तबानंतर कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या बाहेरच्या आहेत हे तत्काळ कळे. लांब पत्रे कागदाला कागद चिकटवून लिहीत; तेव्हा पाठीमागे सांध्यावरही शिक्का उठवीत, म्हणजे मधला एखादा तुकडा काढून दुसरा बसविता येऊ नये. कोऱ्या कागदावर मुद्रा उमटली तरी मोर्तबाची जागा मजकूर संपल्याशिवाय ठरत नसे. खुणेला मजकुराशी बांधण्याचा हा स्पष्ट प्रयत्न होता.

सावकारांच्या पेढ्यांवर ह्याहूनही सूक्ष्म युक्ती चाले. हुंडी लिहिताना रक्कम एकदाच लिहीत नसत. पाचशे रुपये द्यावयाचे असतील तर अंकात पाचशे, मग त्याचे निम्मे अडीचशे, आणि त्या अडीचशेच्या दुप्पट, असे लिहिण्याची रीत होती. कोणी पाचशेच्या अंकापुढे एक शून्य वाढविले तर निम्म्याचा मेळ बसत नसे आणि लबाडी उघडी पडे. हुंडी हरवली तर तिची पेठ निघे. तीही हरवली तर परपेठ निघे. पैसे चुकते झाले म्हणजे ती हुंडी खोका होई. एकच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने पुन्हा सांगितली असता चूक कोठे आहे हे आपोआप कळते, हे तत्त्व पेढीवरच्या मुनिमाला गणितशास्त्राच्या पदवीवाचून ठाऊक होते. हेच तत्त्व आजच्या चौकोनी खुणेचा कणा आहे.

आता ह्या खुणेच्या जन्माकडे वळले पाहिजे. अमेरिकेत नॉर्मन वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर ह्या दोघांनी जाड-बारीक रेघांनी मालाची नोंद करण्याच्या कल्पनेचे पेटंट १९४९ मध्ये मागितले; ते त्यांना १९५२ मध्ये मिळाले. ही कल्पना दुकानात यावयास बराच काळ लागला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगगमचे एक पाकीट ह्या रेघांवरून मोजले गेले, आणि तेव्हापासून बारकोडचा प्रसार सुरू झाला. परंतु रेघांच्या ह्या पट्टीत माहिती फक्त आडव्या दिशेनेच भरता येते. वीसेक अक्षरे झाली की पट्टी लांबच लांब होऊ लागते.

जपानमधील मोटारगाड्यांच्या कारखान्यांना ही अडचण जाणवू लागली. सुट्या भागांच्या एकेका पेटीवर अनेक पट्ट्या, आणि कामगाराने दिवसभर त्या वाचत बसावयाचे! डेन्सो कंपनीतील अभियंता मासाहिरो हारा ह्याने एका छोट्या गटासह ह्यावर विचार केला, आणि १९९४ मध्ये क्यूआर कोड जगापुढे आला. ‘क्विक रिस्पॉन्स’, म्हणजे त्वरित उत्तर, ह्या शब्दांची ती आद्याक्षरे होत. हारा ह्याला ह्या कल्पनेची दिशा ‘गो’ ह्या पटावरच्या खेळातील काळ्यापांढऱ्या सोंगट्यांनी दाखविली. रेघेऐवजी पट घेतला, की माहिती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी मांडता येते.

ह्या पटाच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात ते केवळ शोभेचे नाहीत. त्यांवरून कोणत्याही दिशेने सरळ रेघ मध्यातून नेली तर काळ्यापांढऱ्या भागांचे प्रमाण एक, एक, तीन, एक, एक असेच मिळते. हे प्रमाण निवडण्यापूर्वी हाराच्या गटाने वर्तमानपत्रे, मासिके आणि जाहिरातपत्रके असे नानाविध छापील कागद तपासले, आणि छापील मजकुरात जे प्रमाण सर्वांत क्वचित आढळते ते उचलले. त्यामुळे कॅमेऱ्याला आसपासच्या अक्षरांची भूल पडत नाही. खूण उलटी धरा, तिरपी धरा, यंत्र तीन कोपऱ्यांवरून वरची बाजू शोधून काढते. पेटंट जवळ असतानाही कंपनीने ह्या खुणेचा वापर सर्वांना मोकळा ठेवला, आणि २००० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप आले. पेटंटाचा हट्ट धरला असता तर कदाचित ती कारखान्याच्या भिंतीतच राहिली असती.

सर्वांत लहान पट २१ घरांचा, म्हणजे एकूण ४४१ घरांचा. त्यापुढे प्रत्येक पायरीस चार घरे वाढत जाऊन चाळिसाव्या पायरीस १७७ घरांचा पट होतो. ह्या घरांपैकी काही घरांत मूळ मजकूर असतो आणि काहींत त्याच मजकुरावरून गणिताने काढलेली पुनरुक्ती. ही गणिती रीत अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन ह्यांनी १९६० मध्ये मांडली. हुंडीतील निम्म्यादुपटीने चूक कळत असे. ह्या रीतीने चूक कळते आणि दुरुस्तही होते. पुनरुक्तीच्या चार प्रती आहेत. त्यांनी सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळविता येतो. म्हणूनच खिशात चुरगळलेले किंवा चहाचा डाग पडलेले कार्डही पुष्कळदा वाचले जाते.

तथापि कार्डावरील माहिती फोनने नोंदवहीत बसवावी, तर नाव कोणते आणि गाव कोणते हे त्याला कळावयास हवे. त्यासाठी १९९५ मध्ये ॲपल, आयबीएम, एटी अँड टी आणि सीमेन्स ह्या कंपन्यांच्या ‘व्हर्सिट’ संघाने ‘व्हीकार्ड’ नावाचा नमुना सिद्ध केला. त्याची तिसरी आवृत्ती १९९८ मध्ये आणि चौथी २०११ मध्ये निघाली. ह्या नमुन्यात पहिली ओळ सांगते की येथे कार्ड सुरू झाले. मग आवृत्तीचा क्रमांक, पूर्ण नाव, संस्था, हुद्दा, दूरध्वनी, टपालाचा पत्ता, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी त्या बाबीचे ठराविक नाव. शेवटची ओळ सांगते की येथे कार्ड संपले. आरंभीची ओळ म्हणजे शिक्का आणि अखेरची म्हणजे मोर्तब! शेवटची ओळ गाळली तर पुष्कळ फोन ते कार्ड स्वीकारीत नाहीत.

जनवाड्यासारख्या गावातील एखाद्या व्यावसायिकाने असे कार्ड करावयाचे ठरविले तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न यंत्राचा नसून लिपीचा येतो. बीदर तालुक्यातील हे गाव ज्या मुलखात आहे तेथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू ह्या चारही भाषा कानांवर पडतात. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि पुढे त्या नावाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर म्हैसूर राज्यात गेला, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे त्याचे तालुके मुंबई राज्यात आले. नकाशावरची रेघ एका दिवसात बदलली. घरातील बोली बदलली नाही. कर्नाटकच्या कचेरीत कन्नड, लातूर-उदगीरच्या बाजारात मराठी, हैदराबादच्या गिऱ्हाइकाशी उर्दू किंवा तेलुगू, असा व्यवहार करणाऱ्या माणसाने आपले नाव कार्डावर कोणत्या अक्षरांत घालावे?

छापील कार्डाला बाजू दोनच. पण चौकोनी खुणेलाही मोजूनमापूनच भरावे लागते. संगणकाच्या युनिकोड पद्धतीच्या नित्याच्या मांडणीत रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना किंवा वेलांटी तीन बाइट घेते. ‘जनवाडा’ हा शब्द चार अक्षरांचा. पण दोन कान्यांसह त्याचे सहा घटक होतात आणि अठरा बाइट लागतात. तेच नाव रोमन लिपीत सात बाइटांत बसते. कन्नड आणि तेलुगूचीही गोष्ट देवनागरीसारखीच आहे.

ह्याचा परिणाम पटावर होतो. पाचव्या पायरीच्या ३७ घरांच्या पटात दुसऱ्या प्रतीच्या पुनरुक्तीसह ८४ बाइट मावतात. दहाव्या पायरीच्या ५७ घरांच्या पटात २१३. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनात पहिल्या पटाचे एकेक घर पाऊण मिलिमीटरच्या जवळपास राहते. दुसऱ्याचे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होते. छपाईची शाई थोडी पसरली की इतकी बारीक घरे एकमेकांत मिसळतात. म्हणून जाणकार छापखानेवाले अनावश्यक मजकूर काढून टाकावयास सांगतात. देवनागरीतील नाव, एक दूरध्वनी, संस्थेचे नाव आणि गाव, एवढे पुरे. घोषवाक्ये आणि सात पिढ्यांची कीर्ती कार्डाच्या दर्शनी बाजूस शोभेल. खुणेच्या पोटात तिला जागा नाही. खुणेच्या चारही बाजूंस चार घरांइतकी कोरी जागा सोडणे हाही नियमच आहे. ती जागा म्हणजे ह्या पटाचे कुंपण होय.

नमुन्याच्या आवृत्तीचाही विचार करावा लागतो. सुरुवातीच्या आवृत्त्या रोमन अक्षरे गृहीत धरून बेतलेल्या होत्या. त्यामुळे देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटावी असे प्रकार घडत. चौथ्या आवृत्तीने युनिकोडची मांडणी बंधनकारक केली. माणसाने आपले नाव आपल्या लिपीत मागावे आणि यंत्राने ते निमूटपणे द्यावे, एवढी साधी गोष्ट होण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला.

रंगाच्या बाबतीतही बीदरच्या कारागिरास एक सावधगिरी घ्यावी लागते. बिदरी काम म्हणजे जस्त आणि थोडे तांबे ह्यांच्या ओतीव भांड्यावर चांदीची नक्षी ठोकून बसविणे, आणि मग किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने भांड्याची पृष्ठभूमी काळीभोर करणे. काळ्यावर पांढरे हे ह्या कलेचे सौंदर्य. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु क्यूआर कोडची रीत नेमकी उलटी, पांढऱ्यावर काळे. बिदरीच्या डौलासाठी काळ्या कार्डावर चंदेरी खूण छापली तर बरीच वाचनयंत्रे अडखळतात. चंदेरी शाईची चमक कॅमेऱ्याच्या डोळ्यांवर येते ती वेगळीच. तेव्हा नक्षी बिदरीची ठेवावी, आणि खुणेपुरता एक पांढरा चौकोन सोडावा, हे शहाणपणाचे.

ही खूण ह्या सीमाभागाच्या ओळखीची होण्यास व्हिजिटिंग कार्डाआधी शाळा कारण झाली. सोलापूर जिल्ह्याची हद्द कलबुर्गीला भिडते. त्या जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड बसवून कविता, चित्रफिती आणि प्रश्न त्यांच्याशी जोडले. महाराष्ट्र शासनाने पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. दहा लक्ष डॉलरच्या त्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

बाजारात मात्र ह्या खुणेला पैशाने आणले. मुंबईत ठाणे असलेल्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची यूपीआय व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत भाजीच्या गाड्यापासून सराफाच्या पेढीपर्यंत हा चौकोन जाऊन चिकटला. प्रत्येक कंपनीची खूण निराळी झाली तर दुकानदाराची भिंत पुरणार नाही, हे ओळखून रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल २०२० मध्ये आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, स्वतःपुरती चालणारी नवी खूण कोणी काढू नये, असा आदेश बँकेने दिला. एकच खूण सर्व पेढ्यांना चालली पाहिजे, हा तो निर्णय होय.

येथवरची कथा प्रगतीची झाली. परंतु महमूद गवानचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. दुकानाच्या भिंतीवरील खुणेवर कोणी रात्रीतून दुसरी चिकटपट्टी लावली तर गिऱ्हाइकाला ते कळत नाही. खूण खरी, कॅमेरा खरा, पैसे मात्र भलत्याच्याच खात्यात. व्हिजिटिंग कार्डावरील खूणही नाव सांगण्याऐवजी एखाद्या फसव्या संकेतस्थळाचा पत्ता सांगू शकते. जुन्या मुद्रेवरची अक्षरे निदान मुन्शीला वाचता येत. ह्या पटावरील घरे कोणत्याही पंडिताला नुसत्या डोळ्यांनी वाचणे व्यवहारात अशक्यच. म्हणजे यंत्रावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा धोका अधिक सौम्य दिसतो, म्हणून अधिक लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. कार्डाची खूण दोन प्रकारांनी करता येते. एका प्रकारात सर्व माहिती खुणेतच असते. ती एकदा छापली की बदलत नाही, पण कोणावर अवलंबूनही राहत नाही. दुसऱ्या प्रकारात खुणेत फक्त एका मध्यस्थ कंपनीचा पत्ता असतो, आणि माहिती त्या कंपनीच्या यंत्रात राहते. दूरध्वनी बदलला तरी कार्ड पुन्हा छापावे लागत नाही, ही तिची सोय. परंतु वर्गणी थकली की हजार कार्डे एका रात्रीत मुकी होतात. कोणी, केव्हा, कोठे कार्ड वाचले ह्याची नोंद मध्यस्थाकडे राहते. आणि त्याने ठरविले तर तीच खूण उद्या दुसरेच काही दाखवू लागते. आपली मुद्रा दुसऱ्याच्या हाती ठेवण्याचा अर्थ बीदरच्या वजिराला ज्या दिवशी कळला त्या दिवशी उशीर झालेला होता.

ह्यावर गणिताने एक उपाय दिला आहे. अंकीय स्वाक्षरी हे त्याचे नाव. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्याने तिला कायद्याची मान्यता दिली. ही स्वाक्षरी मजकुरावरूनच तयार होते, आणि त्या एका मजकुराखेरीज दुसऱ्या कशालाही ती लागू पडत नाही. मजकुरातील एक काना बदलला तरी ताळा चुकतो. कोऱ्या कागदावर अशी स्वाक्षरी आधी करून ठेवता येतच नाही! आधार पत्रावरील क्यूआर कोडमध्ये अशी स्वाक्षरी घातलेली असते, म्हणून त्यातील माहिती कोणी बदलली तर ती पकडता येते. गवानच्या मुद्रेची प्रत्यक्ष पत्राशी अशी गाठ असती, तर पत्र त्याचे नव्हे हे सिद्ध करण्यास सुलतानाच्या मर्जीची गरज पडली नसती. अर्थात ह्या गणितालाही एक मर्यादा आहे. स्वाक्षरीची गुप्त किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुन्हा सर्व काही जाते. मुद्रा सांभाळणारा माणूस सावध असावा लागतो, हा नियम गणिताने रद्द केलेला नाही.

साध्या व्हिजिटिंग कार्डावरील खुणेत मात्र अशी स्वाक्षरी सहसा नसते. म्हणून तेथे जुन्या पेढीची चालच उपयोगी पडते. खुणेशेजारी नाव आणि दूरध्वनी साध्या अक्षरांतही छापलेला असावा, म्हणजे यंत्राने सांगितलेले आणि डोळ्यांनी वाचलेले ह्यांचा ताळा घेता येतो. हुंडीतील निम्म्याचा आणि दुपटीचा मेळ घ्यावा तसा. फोनने संकेतस्थळाचा पत्ता दाखविला तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पैसे घ्यावयाचे असतील तर खूण वाचण्याची किंवा गुप्त क्रमांक देण्याची गरजच नसते, हे ध्यानात ठेवावे. आणि छापण्यापूर्वी आपल्या कार्डाची खूण दोन-चार निरनिराळ्या फोनांवर वाचून पाहावी. जनवाड्यातील कारागिराने आपले नाव मराठीत घातले असो, कन्नडात घातले असो की दोहोंत, ते पलीकडे जसेच्या तसे उमटले पाहिजे.

कल्याणच्या टीकाकाराने दस्तऐवजावर पित्याचे नाव मागितले, मराठी कारकुनाने मोर्तब उठविले, मुनिमाने निम्म्याची दुप्पट लिहिली. खूण आणि माणूस ह्यांच्यात अंतर पडते आणि त्या अंतरात लबाडी शिरते, हे ह्या सर्वांना ठाऊक होते, आणि प्रत्येकाने आपल्या काळच्या साधनांनी ते अंतर कमी केले. चौकोनी खुणेने ओळख देण्याचे काम क्षणाचे केले, ही तिची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ओळख देणे आणि ओळख पटणे ह्या दोन गोष्टी आहेत. पहिली आता यंत्र करते. दुसरीसाठी कार्ड हाती घेणाऱ्यानेच दोन क्षण थांबावयाचे असते. बीदरच्या दरबारात १४८१ साली ते दोन क्षण कोणी थांबले नाही.